रेषा किती जाड असावी?

गेल्या डिसेंबरात भुसावळला एका स्थानिक फुटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना होता आणि मी सहायक पंच म्हणून हातात झेंडी घेऊन फक्कीच्या रेषेबाहेरून धावत होतो. सामना संपायला सात-आठ मिनिटे उरली असताना मधल्या फळीतल्या एका मुलाने उजवीकडून लांब पास दिला, पिवळ्या जर्सीतला फॉरवर्ड बचावफळीच्या मागे सुटला आणि त्याने गोल केला. तोवर ऑफसाइडसाठी माझी झेंडी वर गेलेली होती. पास दिला जातो त्या क्षणी आक्रमक चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्याही पुढे, गोलच्या जास्त जवळ असेल तर तो ऑफसाइड ठरतो. गोल रद्द झाला आणि पिवळा संघ एका गोलने हरला. सामन्यानंतर कुणीतरी मोबाइलवर केलेले चित्रण पुढे आले आणि पंधरा-वीस माणसे त्या एका मोबाइलभोवती गोळा झाली. ऊन इतके होते की स्क्रीनवर टोपीची सावली धरून पाहावे लागत होते. निम्मे लोक म्हणत होते की मुलगा उघड उघड पुढे आहे. उरलेले निम्मे तितक्याच खात्रीने म्हणत होते की तो बरोबरीत आहे. चित्रण मात्र एकच होते.

रात्री जळगावला घरी आल्यावर अभियांत्रिकीला असलेल्या माझ्या भाच्याने ते चित्रण लॅपटॉपवर घेतले आणि एकेक चौकट पुढे सरकवत आम्ही ते पाहिले. पास दिला जातो त्या क्षणाच्या आसपास कामाच्या अशा दोनच चौकटी होत्या. पहिल्या चौकटीत चेंडू पास देणाऱ्याच्या बुटापासून चार बोटे दूर आहे, म्हणजे अजून लाथ बसलेली नाही. दुसऱ्या चौकटीत चेंडूची लांबट पांढरी रेघ झाली आहे आणि तो बुटापासून हातभर पुढे गेलेला आहे. बुटाचा चेंडूला स्पर्श होतो तो क्षण दोन्हींत नाही. तो त्या दोन चौकटींच्या मधल्या फटीत कुठेतरी आहे. पहिल्या चौकटीत फॉरवर्डचा खांदा बचावपटूच्या गुडघ्याच्या किंचित मागे आहे आणि दुसऱ्या चौकटीत तो स्पष्ट पुढे आहे.

मोबाइल सेकंदाला ३० चौकटी टिपत होता. तो मुलगा सेकंदाला सहा मीटर वेगाने धावत होता असे धरले, तर दोन चौकटींच्या दरम्यान तो २० सेंटिमीटर पुढे सरकतो. ज्या फरकावरून मैदानात भांडण चालले होते तो फरक यापेक्षा लहान होता. त्या चित्रणातून निर्णय देणे अशक्य होते आणि तरीही मैदानावरचे प्रत्येक जण निर्णय देत होते. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. नववीच्या मुलांच्या हाती मापनाचे कोणतेही साधन देताना आम्ही आधी त्याचे लघुत्तम माप विचारतो, म्हणजे हे साधन कमीत कमी किती मोजू शकते ते. ज्या पट्टीवर मिलिमीटरच्याच खुणा आहेत तिने मोजून कुणी मिलिमीटरचा शंभरावा भाग वहीत लिहिला, तर आम्ही त्याचे गुण कापतो. जळगावकरांना तर हे शाळेत शिकवावेही लागत नाही. सराफ बाजारात सोने तोलणारा काटा मिलिग्रॅम दाखवतो आणि पंख्याची झुळूक लागू नये म्हणून काचेच्या पेटीत ठेवलेला असतो. कापसाची गाडी धर्मकाट्यावर चढते तेव्हा आकडा दहा-दहा किलोंच्या पायरीने बदलतो. दोन्ही काटे खरे आहेत. पण धर्मकाट्यावर अंगठी ठेवून तिचे वजन कुणी सांगू लागला, तर बाजारात त्याच्याकडे कुणी लक्ष देणार नाही. फुटबॉलमध्ये २०१९ पासून काही वर्षे जे घडले ते मला याच प्रकारचे वाटते.

२०१८ मध्ये व्हिडिओ पंच, म्हणजे व्हीएआर, खेळाच्या नियमांत आला, त्याच वर्षी रशियातल्या विश्वचषकात वापरला गेला आणि २०१९-२० च्या हंगामापासून इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्येही सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात, १० ऑगस्ट २०१९ रोजी, वेस्ट हॅमविरुद्ध मँचेस्टर सिटीचा एक गोल रहीम स्टर्लिंग ऑफसाइड असल्याच्या कारणाने रद्द झाला. तो फरक २.४ सेंटिमीटर असल्याचे तेव्हा सांगितले गेले. सप्टेंबरमध्ये लेस्टरविरुद्ध टॉटनहॅमचा गोल सन ह्युंग-मिनमुळे रद्द झाला, तेव्हाचा आकडा १.६ सेंटिमीटर होता. नोव्हेंबरमध्ये लिव्हरपूलच्या रॉबर्टो फर्मिनोचा गोल काखेजवळ काढलेल्या रेषेमुळे रद्द झाला.

हे आकडे निघत कसे होते, ते पाहण्यासारखे आहे. प्रक्षेपणाचे कॅमेरे सेकंदाला ५० चौकटी टिपत. व्हीएआरच्या खोलीतला माणूस त्यांतली एक चौकट पासचा क्षण म्हणून निवडत असे, मग बचावपटूच्या आणि आक्रमकाच्या शरीरावरचा सर्वांत पुढचा बिंदू स्वतःच्या हाताने ठरवत असे आणि संगणक तिथून जमिनीवर लंब टाकून आडव्या रेषा काढत असे. सेकंदाला आठ मीटर वेगाने धावणारा खेळाडू दोन चौकटींच्या मध्ये १६ सेंटिमीटर जातो. बचावपटू त्याच वेळी त्याला ऑफसाइडमध्ये पकडण्यासाठी उलट दिशेने सेकंदाला तीन मीटर वेगाने पुढे येत असेल, तर दोघांतले अंतर २२ सेंटिमीटरने बदलते. ज्या साधनाची एक पायरी २२ सेंटिमीटरची असू शकते त्याने १.६ सेंटिमीटरचा निकाल द्यावा, ही गोष्ट विज्ञानाचा शिक्षक म्हणून मला आजही अस्वस्थ करते.

शरीराचाही प्रश्न आहे. अकराव्या, म्हणजे ऑफसाइडच्या, नियमाप्रमाणे डोके, धड आणि पाय मोजले जातात, हात मोजले जात नाहीत, आणि काखेचा तळ जिथे येतो तिथपर्यंतचा भाग हातात धरला जातो. कागदावर हे स्पष्ट दिसते. धावणाऱ्या, हात उचललेल्या, सैल जर्सी फडफडणाऱ्या माणसाच्या काखेचा तळ मात्र धूसर चित्रात कुणी नेमका दाखवावा? ज्या वस्तूला धारदार कड नाही तिच्या कडेवर केसाएवढी रेषा काढली तर रेषा बारीक होते, माहिती काही वाढत नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये लीड्सच्या पॅट्रिक बॅमफर्डने पास कुठे हवा हे दाखवायला हात पुढे केला होता आणि त्याच हाताच्या वरच्या भागामुळे तो ऑफसाइड ठरला. त्या चित्रात खांदा कुठे संपतो आणि हात कुठे सुरू होतो, हे मी पुष्कळ वेळा पाहूनही सांगू शकत नाही.

त्यानंतर साधने सुधारली आणि ती मनापासून मान्य केली पाहिजेत. २०२२ च्या कतार विश्वचषकात अर्धस्वयंचलित पद्धत आली. स्टेडियमच्या छताखाली १२ खास कॅमेरे बसवले होते, ते प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते, आणि चेंडूच्या आत बसवलेला संवेदक सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. उद्घाटनाच्या सामन्यात इक्वेडोरच्या एनर व्हॅलेन्सियाचा तिसऱ्याच मिनिटातला गोल तिने रद्द केला, आणि २२ नोव्हेंबरला सौदी अरेबियाविरुद्ध अर्जेंटिनाचे पहिल्या अर्ध्यात तीन गोल ऑफसाइडमुळे गेले. अर्जेंटिना तो सामना २-१ असा हरली. या पद्धतीने पासचा क्षण शोधण्यातली चूक खूपच आटोक्यात आली, कारण ५०० च्या हिशेबाने एक पायरी दोन मिलिसेकंदांची झाली आणि तेवढ्या वेळात आठ मीटर वेगाचा खेळाडू जेमतेम १.६ सेंटिमीटर जातो. शरीराचे बिंदू मात्र सेकंदाला ५० वेळाच टिपले जात होते आणि मधल्या क्षणांची जागा संगणकाला हिशेबाने भरावी लागत होती. बुटाचा आणि चेंडूचा स्पर्शही क्षणबिंदू नसतो. बूट चेंडूला साधारण आठ-दहा मिलिसेकंद चिकटून असतो. नियमाने त्यातला पहिला स्पर्श धरायला सांगितले आहे, हे योग्यच झाले. एकूण काय, काटा धर्मकाट्याचा राहिला नाही. पण तो सराफाचाही झालेला नाही.

माझा भाचा हे सगळे ऐकतो आणि त्याचे मत बदलत नाही. तो म्हणतो, "मामा, ऑफसाइड म्हणजे ऑफसाइड. एक मिलिमीटर असो नाहीतर एक मीटर. तुम्ही पाच सेंटिमीटरची सूट दिली, तर उद्या सहा सेंटिमीटरवाला रडेल. रेषा नुसती सरकेल, भांडण तिथेच राहील." हा युक्तिवाद हलका नाही आणि मी तो बरेच दिवस मनात घोळवला. प्रीमियर लीगने २०२१-२२ च्या हंगामात रेषा जाड केल्या आणि त्या एकमेकींवर आल्या तर आक्रमकाला झुकते माप द्यायचे ठरवले. पुढे १२ एप्रिल २०२५ पासून तिथे अर्धस्वयंचलित पद्धत आली तेव्हाही पाच सेंटिमीटरची सूट ठेवली गेली. भाचा म्हणतो ते या पद्धतीला लागू पडते. आक्रमकाला सरसकट पाच सेंटिमीटर दिले म्हणजे ऑफसाइडची रेषा पाच सेंटिमीटर पुढे नेली, आणि त्या नव्या रेषेवर पुन्हा तोच बारीक प्रश्न उभा राहतो.

मला जे म्हणायचे आहे ते सूट देण्याबद्दलचे नाही. १९९० मध्ये नियम बदलला आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबरीत असलेला खेळाडू ऑफसाइड नाही, असे ठरले. त्याआधी बरोबरीत असणेही ऑफसाइड धरले जाई. "बरोबरीत" हा त्या नियमातला सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे असे मी मानतो. कडेने धावणाऱ्या माणसाच्या डोळ्याला दोन खेळाडू बरोबरीत दिसणे ही नेहमी घडणारी गोष्ट आहे, कारण डोळ्याच्या मापाला जाडी आहे. यंत्राने रेषा केसाएवढी केली की बरोबरीत कुणीच सापडत नाही. एक जण नेहमीच काही मिलिमीटर पुढे असतो. नियमातला शब्द कुणी खोडला नाही, तरी व्यवहारात तो नाहीसा झाला. त्या शब्दाला त्याची जाडी परत मिळाली पाहिजे, आणि ती जाडी कुणाच्या मर्जीने ठरता कामा नये. त्या स्पर्धेत जे साधन वापरले जाते त्याची चूक किती असू शकते, हे स्वतंत्रपणे तपासून हंगामाआधी जाहीर व्हावे, आणि फरक त्या मापाच्या आत असेल तर यंत्राने "मला ठरवता येत नाही" असे सांगून मैदानावरचा निर्णय कायम ठेवावा. साधन सुधारले की जाडी आपोआप कमी होईल.

क्रिकेट पाहणाऱ्या घरात हे समजावून सांगायला दोन मिनिटे लागतात. पायचीतच्या अपिलावर डीआरएस मागितल्यावर चेंडू यष्टीला निसटता लागताना दिसला तर "अंपायर्स कॉल" येतो, म्हणजे मैदानावरच्या पंचाने जे सांगितले तेच टिकते. चेंडू पुढे कुठे गेला असता हा अंदाज आहे आणि अंदाजाला चूक असते, हे त्या नियमाने उघडपणे मान्य केले आहे. भाचा लगेच म्हणाला की अंपायर्स कॉलवर तर सगळा देश चिडतो, तोच चेंडू एका पंचाने बाद दिला तर बाद आणि दुसऱ्याने नाबाद दिला तर नाबाद, याला न्याय म्हणायचे का? मी त्याला न्यायालयाचे उदाहरण दिले. वरच्या कोर्टाला खालच्या कोर्टाचा निकाल फिरवायचा असेल तर चूक दिसावी लागते. दोन्ही बाजू सारख्याच शक्य वाटत असतील तर पहिला निकाल राहतो. त्याला हे पटले नाही. डच लीगमध्ये जाड रेषा वापरून, त्या एकमेकींना लागल्या तर मैदानावरचा निर्णय कायम ठेवण्याची पद्धत आणली गेली होती, हे मी सांगितल्यावर मात्र तो थोडा वेळ गप्प बसला.

माझ्या मताला जी खरी अडचण आहे ती भाच्याने काढलेली नाही, ती मला झेंडी धरताना कळली. मैदानावरच्या निर्णयाला वजन द्यायचे, तर मैदानावर खरोखर निर्णय झाला पाहिजे. व्हीएआर असलेल्या सामन्यांत सहायक पंचाला अटीतटीच्या प्रसंगी झेंडी उशिरा उचलायला सांगितलेले असते, म्हणजे चाल पूर्ण होते, मग झेंडी वर जाते आणि मग तपासणी होते. उशिरा उचललेली झेंडीही निर्णयच असते, पण ती धरणाऱ्याला ठाऊक असते की खरा निकाल दुसरीकडे लागणार आहे, आणि हे ठाऊक असलेला माणूस हळूहळू पाहायचे सोडतो. पास देणारा एका टोकाला, बचावपटूंची ओळ दुसऱ्या टोकाला आणि मान मध्ये, अशा स्थितीत आपण ओळीच्या एक पाऊल मागे-पुढे असलो तरी कोन बदलतो आणि चित्र बदलते. सहायक पंच ओळीत नसल्यामुळे ऑफसाइडच्या चुका कशा होतात, यावर २००० साली "नेचर" या विज्ञानपत्रिकेत संशोधन प्रसिद्ध झाले होते. ते वाचल्यापासून मी धावताना बाकी सगळे सोडून ओळ धरतो. आमच्याकडचे एक ज्येष्ठ पंच, मूळचे धुळ्याकडचे, कुणी जाब विचारला की अहिराणीत एवढेच म्हणायचे, "माले जे दिखनं ते मी सांगं." त्यांनी वर्षानुवर्षे हे एक वाक्य सांगितले आणि लोकांनी ते मानले, कारण ते प्रत्येक वेळी ओळीत उभे असत.

आर्सेनल क्लबचे माजी प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी वेगळाच मार्ग सुचवला आहे. आक्रमकाच्या शरीराचा कुठलाही मोजण्याजोगा भाग बचावपटूच्या बरोबरीत असला तरी तो ऑफसाइड धरू नये. दोघांमध्ये स्पष्ट मोकळी जागा दिसली तरच धरावा. आक्रमक खेळ वाढावा म्हणून हे करायचे असेल तर त्यावर जरूर चर्चा व्हावी, पण मोजमापाच्या प्रश्नावरचे उत्तर म्हणून ते मला मान्य नाही. आज बुटाच्या पुढच्या टोकावर भांडण होते, उद्या टाचेच्या मागच्या टोकावर होईल. शिवाय फॉरवर्डला अख्ख्या शरीराची आघाडी मिळाली की बचावफळी गोलजवळ सरकून उभी राहील, आणि मग आक्रमक खेळही वाढणार नाही अशी मला भीती वाटते.

एका गोष्टीचा मला विशेष राग आहे आणि ती म्हणजे निर्णयानंतर दाखवले जाणारे संगणकीय चित्र. २९ जून २०२४ रोजी डॉर्टमुंडमध्ये युरो स्पर्धेत डेन्मार्कच्या योआखिम अँडरसनचा जर्मनीविरुद्धचा गोल थॉमस डिलेनीच्या बुटाचे टोक पुढे असल्यामुळे रद्द झाला. पडद्यावर गुळगुळीत बाहुल्या, काचेसारखी भिंत आणि भिंतीतून बाहेर आलेले ते टोक दिसले. ते टोक खरोखर पुढे असेलही. पण त्या चित्रात कुठेही हे दिसत नाही की भिंत किती इकडेतिकडे असू शकते. डोळ्यांना पूर्ण खात्री वाटेल असे चित्र काढायचे आणि मापातली शंका त्यातून पुसून टाकायची, हे प्रेक्षकाशी प्रामाणिकपणे वागणे नव्हे. भिंतीच्या जागी, मापात जेवढी चूक होऊ शकते तेवढा जाड पट्टा दाखवा. टोक पट्ट्याच्या बाहेर असेल तर मीही तो गोल निमूटपणे विसरेन.

वेळेचाही मुद्दा लोक नेहमी काढतात. १ मार्च २०२५ रोजी बोर्नमथ आणि वुल्व्ह्ज यांच्यातल्या इंग्लंडच्या एफए कप सामन्यात एक तपासणी आठ मिनिटे चालली. खेळाडूंच्या गर्दीत नव्या अर्धस्वयंचलित पद्धतीला नीट मोजता येईना आणि शेवटी हाताने रेषा काढाव्या लागल्या. ठरवता येत नाही असे सांगायची मुभा तेव्हा असती, तर आठव्या मिनिटाची वेळ आली नसती, असे मला वाटते.

मी यंत्राच्या विरोधात लिहितो आहे असे कुणी समजू नये. ११ जून २०२४ रोजी दोह्यात भारत विश्वचषक पात्रता फेरीत कतारशी खेळत होता, लालियानझुआला छांगतेच्या गोलमुळे पुढे होता, आणि ७३ व्या मिनिटाला कतारने बरोबरी साधली. त्या गोलआधी चेंडू गोलरेषेबाहेर गेलेला सगळ्यांनी पाहिला. त्या सामन्यात व्हीएआर नव्हता. भारत २-१ असा हरला आणि पुढच्या फेरीची संधी गेली. त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवले नाही. तिथे फरक मिलिमीटरचा नव्हता, डोळ्यांना दिसणारा होता, आणि अशाच चुकांसाठी हे यंत्र जन्माला आले आहे.

मार्चमध्ये परीक्षा संपल्यावर भाच्याने त्याच मैदानावर एक प्रयोग केला. सुतळी ताणून आम्ही फक्कीची रेषा मारली. नियमाप्रमाणे मैदानावरची रेषा जास्तीत जास्त १२ सेंटिमीटर रुंद असू शकते. आमची रेषा तळहाताएवढी आली. तिच्या अगदी ओळीत तिपाईवर त्याने मोबाइल बसवला आणि सेकंदाला २४० चौकटींवर ठेवला. पिवळ्या जर्सीतला तोच मुलगा आला होता. मी बोलावल्यावर त्याने नाही म्हटले नाही. त्याला वीस वेळा पळवले, वीस पास दिले. मग सावलीत बसून भाच्याने आणि मी स्वतंत्रपणे, एकमेकांना न दाखवता, प्रत्येक पासची चौकट निवडली. वीसपैकी अकरा वेळा आमच्या चौकटी जुळल्या. उरलेल्या नऊ वेळा एका चौकटीचा फरक होता, म्हणजे त्या मुलाच्या वेगाने अडीच सेंटिमीटर. त्यांतल्या तीन पासांत माझ्या चौकटीप्रमाणे मुलगा बरोबरीत होता आणि भाच्याच्या चौकटीप्रमाणे पुढे.

भाचा बराच वेळ त्या तीन चौकटी पुढे-मागे करत राहिला. मुलाने वाकून पाहिले आणि विचारले, "मग सर, मी ऑफसाइड होतो का नाही?" भाच्याने माझ्याकडे पाहिले, वहीत त्या तीन ओळींपुढे दोघांचेही आकडे लिहिले आणि निकालाचा रकाना कोरा ठेवला.